तीन वर्षांच्या मुलाला परत परत न्यूमोनिया होतोय, डॉक्टर ब्रॉन्कोस्कोपी करा म्हणतात. एवढ्या लहान वयात करणं सुरक्षित असतं का?

करून घ्या. ब्रॉन्कोस्कोपी म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून आतून बघणं. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं तर जरूर दाखवा, पण याच आठवड्यात दाखवा, "अजून महिनाभर औषधं देऊन बघू" असं करत बसू नका. तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांत दोनदा न्यूमोनिया, दोन्ही वेळा उजवीकडे खालीच, आणि घरातली मोठी माणसं भूल द्यायला नको म्हणतायत. ते शेवटचं वाचलं आणि मला राहवेना.

आमचं गाव बार्शीजवळ. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, जानेवारीत शेतावर हुरड्याला सगळी भावकी जमलेली, गूळ, भाजलेल्या शेंगा, पोरांचा नुसता धिंगाणा. तोंडात दाणे घेऊनच ती चुलत भावाच्या मागे पळाली आणि असा ठसका लागला की चेहरा लालबुंद, ओठ निळसर, खोकून खोकून उलटी झाली आणि थोड्या वेळात परत खेळायला पण गेली. सगळे म्हणाले, निघालं उलटीतून. ही मधली शांतता फार फसवी असते. दाणा श्वासनलिकेतून खाली एका बाजूच्या नळीत जाऊन बसला की ठसका थांबतो आणि पुढे काही दिवस पोर अगदी ठणठणीत दिसतं.

मग खोकला सुरू झाला, रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज, मधेच ताप. गावातल्या डॉक्टरांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं की शेंगदाण्याचा ठसका लागला होता, त्यांनी ते केसपेपरवर लिहिलं सुद्धा नाही. एक्स-रे काढला, नॉर्मल. झालं, बालदमा म्हणून शिक्का बसला आणि पंप, नेब्युलायझर, अँटिबायोटिक चालू. आमच्या चुलत दिरांचं मेडिकलचं दुकान आहे, ते मला म्हणाले, वहिनी, एक्स-रे क्लिअर आहे, तुम्ही उगाच शंका काढताय.

अहो पण शेंगदाणा एक्स-रेत दिसतच नाही! नाणं दिसतं, टाचणी दिसते, घड्याळाचा सेल दिसतो. दाणा, सीताफळाची बी, खोबऱ्याचा तुकडा, खेळण्यातलं प्लास्टिक यातलं काही दिसत नाही. दिसला तर त्याचा परिणाम दिसतो, म्हणजे एका बाजूचं फुप्फुस जास्त फुगलेलं किंवा बसलेलं, आणि सुरुवातीला तर तेही नसतं बऱ्याचदा.

शेवटी मी नवऱ्याला घेऊन सोलापूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी छाती दोन्हीकडून नीट तपासली, उजवीकडे हवा कमी जातेय म्हणाले, आणि आपणहून विचारलं, खाताना ठसका लागला होता का? परत एक्स-रे काढला, या वेळी श्वास सोडतानाचा, तर उजवं फुप्फुस तसंच फुगलेलं. सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखं होतं म्हणे, हवा आत जाते पण बाहेर येत नाही. उजवी नळी जास्त रुंद आणि सरळ खाली जाणारी असते म्हणून वस्तू तिकडे जरा जास्त जातात. ते म्हणाले, उद्या सकाळी काढू.

घरी कळवलं तर फोनवर फोन. भाऊजी म्हणाले, एवढ्याशा जिवाला भूल देऊन छातीत नळी घालणार? दाणाच आहे, विरघळेल. मी सही केली.

कापाकापी अजिबात नसते. पूर्ण भूल देतात, तोंडातून सरळ धातूची नळी स्वरयंत्राच्या पुढे नेतात, तिच्यातूनच ऑक्सिजन चालू असतो आणि तिच्यातूनच कॅमेरा आणि चिमटा आत जातो. अर्धी डाळिंबी निघाली, फुगलेली, सालाचा तुकडा वेगळा. आजूबाजूला सूज आणि मांस वाढलेलं, हात लावला की रक्त येत होतं. रात्रभर ऑक्सिजनचं प्रमाण बघत होते, घसा सुजू नये म्हणून इंजेक्शन आणि वाफ, आवाज बसला तो दोन दिवसांत सुटला. पंप तेव्हापासून बंद.

भाऊजी अजूनही लग्नाकार्यात भेटले की म्हणतात एवढं करायची गरज नव्हती. त्यांना माझं एकच उत्तर आहे, दाणा विरघळत नाही. तो ओलाव्याने फुगतो, त्याच्या तेलाने नळीला आतून सूज येते, पुढे पू होतो आणि फुप्फुसाचा तो भाग कायमचा खराब होऊ शकतो. आणि हे काही कालपरवाचं फॅड नाही. जर्मनीत गुस्टाव किलियन या डॉक्टरांनी 1897 मध्ये एका शेतकऱ्याच्या श्वासनळीतून हाड काढलं होतं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या डॉक्टर शेव्हलिए जॅक्सन यांनी माणसांच्या घशातून, छातीतून काढलेल्या 2000 च्या वर वस्तू जपून ठेवल्या, त्या तिथल्या म्युझियममध्ये आजही आहेत. सव्वाशे वर्षांत एवढी सुधारणा झाली आणि आपण घरात बसून विरघळायची वाट बघायची?

आता तुमच्या मुलाचं. त्याच्या छातीत काही अडकलंच असेल असं मी म्हणत नाही. एकाच जागी परत परत न्यूमोनियाची कारणं दुसरीही असतात, टीबीच्या गाठीचा नळीवर दाब, नळीची जन्मजात रचना, घट्ट चिकट कफाने नळी बंद होणं. अशा वेळी बहुतेक नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घालतात, नळी बघतात, थोडं सलाईन सोडून परत ओढून घेतात आणि ते टीबी वगैरेच्या तपासणीला पाठवतात. आधी सीटी स्कॅन सांगितला तर तो का, हे विचारा. धोका शून्य नसतो, ऑक्सिजन कमी होणं, स्वरयंत्राला सूज, क्वचित फुप्फुसाभोवती हवा साठणं. म्हणून लहान मुलांचा भूलतज्ज्ञ आणि लहान मुलांचं आयसीयू असेल तिथेच करा, जवळ आहे म्हणून कुठेही नको. मी डॉक्टर नाही, निर्णय तपासलेल्या डॉक्टरांचाच.

किती तास उपाशी ठेवायचं ते सांगतील ते तंतोतंत पाळा, आजी दया येऊन दूध पाजेल तिकडे लक्ष ठेवा. भूल देणाऱ्यांना चालू औषधं, ॲलर्जी, नवीन सर्दी-ताप सगळं सांगा. आणि कधीही ठसका लागला असेल, वर्षापूर्वीचा का असेना, तर तो केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.