सेगफॉल्ट दिसतो एकीकडे, चूक असते दुसरीकडे
तुझं सी फंक्शन आर या सांख्यिकी भाषेतून दहादा नीट चालतं आणि अकराव्यांदा सेगफॉल्टने, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावल्याने, कोसळतं ना? मग शेवटच्या ओळीत अडकू नकोस. मेमरी बहुधा आधीच बिघडलेली असते. लूप बघ: सी ० पासून मोजतं, म्हणून १० घटकांचा शेवटचा निर्देशांक ९. आर १ पासून मोजतं, म्हणून आरमधून आलेल्यांची नेमकी इथेच गल्लत होते. मग ॲलॉकव्हेक्टरने (आरकडून मेमरी मागणारं फंक्शन) घेतलेलं सगळं प्रोटेक्ट केलंयस का, म्हणजे आरच्या मेमरी-सफाईपासून वाचवलंयस का? मी एकदा एका सुटलेल्या प्रोटेक्टपायी आठवडा घालवलाय. जीसीटॉर्चर ही आरमधली चाचणीची सोय लावून थोड्या डेटावर चालव. फार मंद चालेल, पण दर मेमरी-वाटपाला सफाई होते, त्यामुळे अशी चूक लवकर उघडी पडते. व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाखाली मात्र व्हेक्टर मोठा ठेव. छोटे व्हेक्टर आर स्वतःच्या साठ्यातून देतं, तिथली चूक निसटते. डीबग माहितीसकट कंपाइल कर आणि व्हॅलग्राइंडने दाखवलेल्या पहिल्या ‘इनव्हॅलिड राइट’ची, म्हणजे नको त्या जागी लिहिण्याची, ओळ आधी दुरुस्त कर.