इंदूरमध्ये मॉड्युलर बांधकामाकडे बिल्डर का वळताहेत?

मॉड्युलर म्हणजे ढोबळमानाने इमारतीचे भाग कारखान्यात बनवून जागेवर जोडणं. त्याकडे वळण्याचं सगळ्यात मोठं कारण वेळ. जागेवर पाया भरला जात असतानाच कारखान्यात भिंती, स्लॅब, कधी अख्खी बाथरूमसुद्धा तयार होत असते. दोन्ही कामं एकाच वेळी चालतात, म्हणून ताबा लवकर देता येतो आणि कर्जावरचं व्याज वाचतं. माझ्या मते बिल्डरचा निर्णय बहुतेकदा या व्याजावरच ठरतो.

दुसरं कारण मजूर. होळी आणि सोयाबीनची काढणी आली की झाबुआ-अलीराजपूरकडचे लोक गावी जातात आणि साइट थंडावते. कारखान्यात कमी माणसांत काम होतं, पावसाळ्यातही थांबत नाही.

पाहायचंच असेल तर इंदूरच्या कनाडिया भागातला लाइट हाउस प्रकल्प, म्हणजे नव्या तंत्राने घरं बांधण्याचा केंद्र सरकारचा प्रकल्प, बघून या. १ जानेवारी २०२१ रोजी सहा शहरांत एकदम पायाभरणी झाली. त्यात इंदूरची १,०२४ घरं तयार सँडविच पॅनेलची, म्हणजे दोन पातळ बोर्डांमध्ये हलकं मिश्रण भरलेल्या तयार भिंतींची. त्या भिंतींना प्लास्टर लागत नाही, पाणी आणि मलबा दोन्ही कमी. तयार खोल्या एकावर एक रचण्याची पद्धत मात्र रांचीत वापरली. खरं मॉड्युलर तेच, ही गल्लत खूप जण करतात.

अडचणीही आहेत. नकाशा आधीच पक्का करावा लागतो, मागाहून खिडकी हलवता येत नाही. पैसे सुरुवातीलाच मोठे गुंततात. आणि सराफ्याच्या गल्लीत ट्रेलर नि क्रेन शिरणार कुठून? बायपासकडे मोकळ्या प्लॉटवर वसतिगृह किंवा हॉस्पिटल, म्हणजे एकसारख्या खोल्या पुष्कळ असतील, तर जरूर विचार करा. एकट्या बंगल्यासाठी मी सुचवणार नाही.