भावना लिहून काढल्या की मन हलकं होतं म्हणतात, मग मला लिहिल्यावर जास्तच त्रास का होतो? नेमकं कसं लिहायचं?

तुम्ही म्हणता की काही आठवडे रोज रात्री झोपण्याआधी मनातलं सगळं डायरीत उतरवताय, पण हलकं वाटायचं सोडून तेच विचार डोक्यात फिरतात आणि झोप उडते. यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. लिहून झाल्यावर तासभर जड वाटणं अपेक्षितच असतं. पण आठवडे उलटूनही तेच चालू असेल, तर तुम्ही लिहीत नाही आहात, कागदावर रवंथ करताय.

‘मनात आहे ते ओतून टाक’ हा सल्ला अर्धवट आहे. या पद्धतीचा पाया ज्या प्रयोगात घातला गेला, त्यातच हे दिसलं होतं. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी ४६ विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं. बाकीच्यांनी आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगावर लिहिलं, पण तीन प्रकारांनी: कुणी फक्त काय घडलं ते, कुणी फक्त काय वाटलं ते, आणि कुणी दोन्ही. पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या त्या मुख्यतः दोन्ही लिहिणाऱ्यांच्या. गंमत म्हणजे लिहून उठताना याच मंडळींचा रक्तदाब वाढलेला आणि मन उदास होतं. म्हणजे लगेच बरं वाटलं नाही म्हणून पद्धत फसली, असं समजू नका.

आता प्रत्यक्ष कृती. रात्रीची वेळ सोडा. दिवसातली अशी २० मिनिटं शोधा, ज्यांच्यानंतर आणखी १५ मिनिटं कुणाला तोंड दाखवावं लागणार नाही. गजर लावा आणि वाजला की वाक्य अर्धं असलं तरी थांबा. ही मर्यादा फार महत्त्वाची, कारण ‘आता दार बंद’ हे मनाला त्यातूनच समजतं. उठल्यावर तोंड धुवा, थोडं चाला, हाताला काम द्या. लगेच फोन उघडू नका. सुंदर वहीपेक्षा सुटे कागद बरे: वही सुंदर असली की अक्षरही सुंदर काढावंसं वाटतं आणि वाक्यं कुणीतरी वाचणार असल्यासारखी सजायला लागतात. शुद्धलेखन, खाडाखोड, एक वाक्य तीनदा येणं, सगळं चालतं. टंकलेखन केलं तरी हरकत नाही. ज्या भाषेत तुम्ही मनातल्या मनात भांडता, त्याच भाषेत लिहा.

एकाच प्रसंगावर तीन-चार दिवस लिहा आणि मग थांबा. रोजची डायरी आयुष्यभर ठेवायची हे वेगळं काम आहे, ते यात मिसळू नका.

पहिल्या दिवशी प्रसंग लिहा: कुठे, केव्हा, कोण काय म्हणालं, तुम्ही काय उत्तर दिलं, शरीरात काय झालं. घसा दाटला, हात गार पडले, असं ठोस लिहा. ‘सगळं संपलं’ हा निष्कर्ष झाला, तो आत्ता नको.

दुसरा दिवस भावनांचा, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. ‘वाईट वाटलं’ हे झाकण आहे, ते उघडायचं. आत अपमान आहे का? लाज? हेवा? पोरकेपण? आपण कमी पडलो ही टोचणी? बऱ्याचदा एकमेकींना न शोभणाऱ्या दोन भावना शेजारीशेजारी असतात: माणूस गेल्याचं दुःख आणि सेवेतून सुटल्याची मोकळीक, किंवा राग आणि ज्याच्यावर राग त्याचीच ओढ. दुसरी भावना लिहायची लाज वाटते, आणि नेमकी तीच लिहायला हवी असते. आणखी एक खूणगाठ बांधा: ‘त्याने मला फसवलं’ ही भावना नाही, तक्रार आहे. ‘इतका विश्वास ठेवला याची मला स्वतःचीच चीड आली’ ही भावना. नाव देण्याने काय होतं, याचा एक धागा मेंदूच्या अभ्यासातही आहे. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं, की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी होते.

तिसऱ्या दिवशी तोच प्रसंग ‘मी’ न वापरता लिहा. स्वतःचं नाव घ्या किंवा ‘ती’, ‘तो’ म्हणा. चार-पाच ओळी समोरच्याच्या बाजूनेही लिहा. त्याला माफ करायला मी सांगत नाहीये, फक्त जागा बदलून बघायचं आहे. चौथ्या दिवशी तीन प्रश्न: हे असं का घडलं असावं, यातलं आज काय उरलंय, आणि उरलेल्यातलं माझ्या हातात काय आहे? ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असा शेवट ओढूनताणून करू नका. खोटं वाटत असेल तर ते खोटंच असतं, आणि कागद तुम्हाला खूश राहायला सांगत नाही.

आता चूक कशी ओळखायची ते. पहिलं आणि तिसरं पान शेजारी ठेवा. पेनेबेकर यांनी अशा लिखाणातले शब्द पुढे मोजून पाहिले, तेव्हा ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात दिवसागणिक कार्यकारण आणि उमज दाखवणारे शब्द वाढत गेलेले दिसले. मराठीत पाहायचं तर ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तेव्हा लक्षात आलं नाही, पण’, ‘आता वाटतं’. याउलट दोन्ही पानांवर ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘माझ्याच बाबतीत का’ हेच फिरत असेल आणि तोच आरोप त्याच शब्दांत आला असेल, तर त्या विषयावरचं लिखाण थांबवा. चिकाटीने रेटण्याची ही जागा नाही. डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात, जोडीदारापासून नुकतेच वेगळे झालेले जे लोक आधीच त्या घटनेचा अर्थ लावत बसले होते, त्यांना भावना लिहिण्याने उलट त्रास झाला. दिवसभरात काय केलं याचा कोरडा वृत्तान्त लिहिणारे तसेच लोक त्यांच्यापेक्षा बरे राहिले. तुमच्या वर्णनावरून, निदान महिनाभर तुम्हीही असा कोरडा वृत्तान्तच लिहावा असं मला वाटतं.

रात्री लिहायचंच असेल तर पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी करा. २०१८ च्या एका झोपेच्या अभ्यासात अशी यादी लिहिणारे, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोपले, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर.

आघात अगदी ताजा असेल, म्हणजे काही दिवसांपूर्वीचा, तर थोडे आठवडे जाऊ द्या. लिहिताना ‘हे आता मला झेपणार नाही’ असं वाटलं तर विषय बदला किंवा उठा. हा नियम मूळ पद्धतीतच आहे. आणि कुणी वाचेल ही भीती असेल तर सगळंच फुकट, माणूस स्वतःशीही सावरून लिहितो. कागद कुलपात ठेवा किंवा फाडून टाका. फायदा लिहिण्यात आहे, जपून ठेवण्यात नाही. न पाठवायचं पत्र लिहिणार असाल तर मेसेजच्या चौकटीत मुळीच लिहू नका. बोट चुकतं.

अपेक्षाही बेताची ठेवा. २००६ मध्ये जोआन फ्रॅटारोली यांनी १४६ अभ्यास एकत्र करून पाहिले. परिणाम खरा निघाला, पण सरासरीने लहान. म्हणून लिहिणं उपचाराच्या सोबत ठेवा, त्याच्या जागी नको. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक बिघडली असेल, जुना प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखा डोळ्यांसमोर येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर वाट पाहू नका, आजच जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टर गाठा. पहिल्या भेटीत कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल, तर पहिल्या दिवशी लिहिलेलं पान त्यांच्या हातात दिलं तरी चालतं.