घरे मिळाली, गाव कधी मिळते?

प्रश्न : कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाच्या आठवणी आमच्या घरी अजून निघतात. भूकंपानंतर पक्की घरे मिळूनही गावाची घडी बसायला इतकी वर्षे का लागतात?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली आणि घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवरून ठरले, भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, तर मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. जुनी विषमता अशी सिमेंटमध्ये पक्की झाली, हे मला आजही खटकते. काटकोनी रस्त्यांच्या त्या ऐसपैस वसाहतींत गुरांचा गोठा, कडब्याची गंजी आणि शेजारणींनी टेकायचा ओटा यांचा विचार कमी पडला, त्यामुळे अनेकांनी घरालगत पत्र्याची शेड उभारून आपला संसार तिकडे हलवला. शेतेही लांब पडली. याउलट २००१ च्या भूकंपानंतर गुजरातमधील कच्छमध्ये बहुतेक कुटुंबांनी हप्त्यांनी मिळणाऱ्या मदतीतून आणि अभियंत्यांच्या तपासणीखाली स्वतःच घरे बांधली, आणि मला तीच वाट अधिक योग्य वाटते; मात्र भाडेकरूंच्या पदरी तिथेही फारसे काही पडले नाही.