माकड, वानर की आणखी कोणी?

राजेंद्रनगरहून एका ताईंनी विचारलं आहे: मुलगी हिंदी माध्यमात शिकते. ती घरी येऊन म्हणते, 'इंसान बंदर से बना.' आजी मराठीत सांगतात, 'माणूस वानरापासून झाला.' पुण्याची मावशी फोनवर दुरुस्ती करते, 'वानर नव्हे गं, माकड!' यातलं बरोबर कोणतं? आणि 'एप'ला, म्हणजे चिंपांझी, गोरिला यांच्या बिनशेपटीच्या गटाला, मराठीत काय म्हणायचं?

ताई, तिघीही चुकल्या आहेत. पण चूक माकडात नाही की वानरात नाही, ती 'पासून'मध्ये आहे. तिकडे वळण्याआधी बंदराचा निकाल लावू.

हिंदी 'बंदर' हा संस्कृत 'वानर'च, बोलून बोलून झिजलेला. गंमत अशी की हिंदी आणि मराठीत या एकाच शब्दाचं तोंड वेगवेगळ्या रंगाचं आहे. हिंदीत बंदर म्हटलं की लाल तोंडाचं डोळ्यांपुढे येतं, काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं ते लंगूर. मराठीत लाल तोंडाचं ते माकड ('मर्कट'चा वंशज), काळ्या तोंडाचं ते वानर, आणि त्यातला दांडगा नर म्हणजे हुप्प्या. आम्ही इंदूरकर दोन्हींच्या मधोमध. ओंकारेश्वरच्या घाटावर आई म्हणायची, 'वानर आलं, प्रसाद लपव', आणि त्याच वेळी नावाडी ओरडायचा, 'लंगूर, लंगूर!' लंगूर आला 'लांगूल' म्हणजे शेपटीवरून. मराठीत ती शेपटी 'लांगूलचालना'त उरली आहे, हलवायला. बाकी 'वा नरः?' म्हणजे 'हा माणूस तर नव्हे?' ही वानराची फोड कीर्तनात रंगते खरी, पण त्याचं नातं 'वन'शी लावणं जास्त पटतं.

आता 'पासून'. दुधापासून दही होतं आणि दही झालं की दूध उरत नाही. म्हणून 'माणूस माकडापासून झाला' हे कानावर पडलं की कोणी ना कोणी विचारतोच, 'मग आजही माकडं कशी आहेत?' त्याला हसू नये. आपल्याच वाक्याने त्याला त्या प्रश्नापाशी नेऊन सोडलेलं असतं.

खरं नातं चुलत आहे, आणि चुलत-आते-मामे असे बारकावे असलेल्या भाषेत ते सांगणं अवघड जाऊ नये. आमच्याच घरचं उदाहरण घ्या. होळकरांच्या चाकरीसाठी आमच्या घराण्यातला एक भाऊ माळव्यात आला, दुसरा वाईला राहिला. वाईचे भाऊबंद म्हणजे काही आमचे पूर्वज नव्हेत. मूळपुरुष एक, शाखा दोन. शिवाय आम्ही पोहे-जलेबीवाले झालो तसे वाईकरही त्या काळचे राहिलेले नाहीत, हे लोक विसरतात. चिंपांझी हे आपले वाईकर. दोघांचा मूळपुरुष साधारण 60 ते 70 लाख वर्षांमागचा, आफ्रिकेतला. तो धड चिंपांझी नव्हता आणि माणूसही नव्हता. गोरिलाची शाखा त्याच्याही आधी फुटलेली, म्हणून चिंपांझीला गोरिलापेक्षा माणूस जवळचा, दिसायला कसाही असो! त्याआधी ओरांगउटान वेगळा झाला, त्याच्याही आधी गिबन.

आणि ज्यांच्यावरून तुमच्या घरी वाद पेटला आहे ते लाल तोंडाचं माकड आणि काळ्या तोंडाचं वानर? ती दोघं एकाच कुळातली. ते कूळ आपल्या शाखेपासून निदान अडीच कोटी वर्षांपूर्वी तुटलं. म्हणजे आजी आणि मावशी एकाच फांदीसाठी भांडतायत, आणि आपण त्या फांदीवर नाहीच.

'एप'ला आपल्याकडे अस्सल शब्द नाही, कारण ओळख नव्हती. भारतात एप आहेत ते फक्त हूलॉक गिबन, तेही ईशान्येकडच्या जंगलांत. पुस्तकांत 'कपी' लिहितात. मला तो अडतो. अर्जुन कपिध्वज, त्याच्या ध्वजावर मारुती, आणि मारुतीला शेपटी. एपची तर ठळक खूणच शेपटी नसणं ही! 'मानवसदृश कपी' आणखी अडचणीचा: माणूस स्वतः त्याच गटात असताना 'मानवसदृश' म्हणणं म्हणजे सख्ख्या काकांना 'घरच्यासारखे' म्हणण्यापैकी. 'वनमानुष' गोड आहे, आणि मलय भाषेतल्या 'ओरांग हुतान'चा अर्थही तोच, जंगलातला माणूस. पण तो एकेका प्राण्याला शोभतो, गटाला नाही. मी सरळ 'एप' लिहितो. टेबल चालतं तर एप का नको?

माकडं, एप आणि माणूस ज्या मोठ्या गटात येतात त्या 'प्रायमेट'साठी मात्र आपला 'नरवानर गण' मला मूळ शब्दापेक्षाही आवडतो. प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये 'प्रायमेट' हे नाव वापरलं, त्याचा अर्थ पहिल्या मानाचे. आपल्या शब्दात मानपान नाही, नर आणि वानर द्वंद्व समासात शेजारी बसले आहेत.

शेपटीवरून आठवलं. जिन्यावरून घसरून बसतो तेव्हा कळ येते ते माकडहाड. तीन ते पाच छोटे मणके, बहुधा जुळून गेलेले. गर्भात चौथ्या-पाचव्या आठवड्यात आपल्यालाही इवलीशी शेपटी असते, आठव्याच्या सुमारास ती जिरते. ग्रीकांना या हाडात कोकिळेच्या जातीच्या पक्ष्याची चोच दिसली, त्यावरून इंग्रजी नाव आलं. आपल्या लोकांना माकड दिसलं, त्यांची नजर अधिक तीक्ष्ण म्हणायची. फक्त एक खोच: माकडाला अख्खी शेपूट असते. नुसतं हाड उरलेले ते एप आणि आपण. तेव्हा माकडहाड हा आपण माकड नसल्याचा पुरावा.

लेकीने वहीत लिहावं, 'माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज एकच होते'. हिंदीत, 'इंसान और चिंपैंजी के पूर्वज एक ही थे'. आजींना दुरुस्त करायला जाऊ नका. मावशींना मात्र विचारा, पुण्यात काळ्या तोंडाच्याला काय म्हणतात.