मी स्वतः कधी धड फुटबॉल खेळलो नाही, तरी मुलींच्या टीमचा व्हॉलंटियर कोच होऊ शकतो का?

होऊ शकता. बिनधास्त व्हा.

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या शाळेत टीम सुरू होतेय, शिकवायला कोणी नाही, बाईंनी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही गल्लीच्या बाहेर कधी खेळला नाहीत. ते "खेळला नाहीत" वाचलं आणि लिहायलाच बसलो, कारण हेच मी घरी गेली सात वर्षं ऐकतोय.

मी कोल्हापूरचा. इथं पेठेपेठेत तालीम आणि तालमीची टीम, आणि माझा थोरला भाऊ म्हणजे शाहू स्टेडियमवर नाव काढलेला फॉरवर्ड. मी पण त्याच टीममध्ये होतो, बारा वर्षं, बेंचवर. त्यामुळं २०१८ ला घराजवळच्या शाळेनं मला विचारलं तेव्हा दादा जेवता जेवता हसला, "बारक्या, तू बूट सांभाळायचास, तू काय शिकवणार." पण मनाचा मोठा, मित्राला सांगून पोरींना पूर्ण किट आणून दिलं, वर निळी जर्सी आणि खाली पांढरीशुभ्र शॉर्ट.

सोळा पोरी, आठवी-नववीच्या. तिसऱ्या आठवड्यापासून रोज एखाद-दुसरी बाजूला बसायला लागली, "सर, पोटात दुखतंय". पुढच्या महिन्यात परत तेच. मी ओरडलो, कामचुकार म्हणालो, आमचे कोच आम्हाला म्हणायचे तस्संच (त्याहून वाईट शब्दांत म्हणायचे ते सोडा). मग आमची गोलकीपर, जी चिखलात बिनधास्त उडी मारायची, ती यायचीच बंद झाली. एका संध्याकाळी बायकोला घेऊन तिच्या घरी गेलो. आईनं चहा ठेवला, पावसापाण्याचं बोलली, मग बायकोला आत बोलावलं. येताना स्कूटरवर मागून बायको एवढंच म्हणाली, "पांढऱ्या शॉर्ट कुणी आणल्या?"

गाडी बाजूला घेऊन थांबलो मी. एवढं साधं डोक्यात आलं नव्हतं.

नवीन घ्यायला पैसे नव्हते म्हणून काळ्या रंगाच्या पुड्या आणल्या आणि मोरीत बादलीत सोळा शॉर्ट बुडवल्या. पॉलिस्टरला तो रंग धरत नाही हे कोणी सांगितलं नव्हतं, बाहेर निघाल्या त्या डागाडागाच्या जांभळट. पोरी हसून लोळल्या, पण घातल्या, आणि गोलकीपर पण परत आली. पहिली मॅच ६-० नं हरलो. दादाला किटची ती अवस्था बघून असा राग आला की म्हणाला, "मी वीस वर्षं पांढऱ्यावर खेळलो, मला नाही काही अडचण आली!" आता यावर काय बोलणार. इंग्लंडच्या महिला टीमनं पांढऱ्या सोडून निळ्या शॉर्ट घेतल्या २०२३ ला, ती बातमी मी त्याला तीनदा फॉरवर्ड केली, अजून उत्तर नाही.

माझं मत विचाराल तर ज्याला सगळं सहज आलं त्याला शिकवता येत नाही. दादा म्हणतो "बॉल ट्रॅप कर", म्हणजे आलेला बॉल पायानं अडवून ताब्यात घे, पुढं काही सांगता येत नाही त्याला. मी ती ट्रॅप दोन वर्षं चुकवलीय, त्यामुळं पोरीचा घोटा कुठं ताठ झालाय ते मला लांबून दिसतं.

दुसरं भांडण वॉर्म-अपचं. वयात आलेल्या मुलींना गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट फाटायचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, म्हणून फिफाचा ११ प्लस वॉर्म-अप घ्या, वीस मिनिटांचा, आठवड्यातून दोनदा तरी. पळणं, प्लँक, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न पडता उतरणं, असं असतं त्यात. दादा याला "पीटीचा तास" म्हणतो. म्हणू दे, त्याचा स्वतःचा गुडघा जिने चढताना वाजतो.

बाकी तुमचं तुम्हाला कळेलच. बारा वर्षांखालच्यांना चार नंबरचा बॉल, मोठ्यांना पाच. मैदानाजवळ उघडं असलेलं टॉयलेट आधी शोधा, कोन आणि बिब (टीम ओळखायची रंगीत जॅकेटं) नंतर. फक्की स्वतः मारायला शिका, शिपायाची वाट बघत बसाल तर अंधार पडतो.

आणि हो, हे आधी सांगायला पाहिजे होतं: एकटे जाऊ नका. एक बाई कायम मैदानावर पाहिजे, पालकांच्या सह्या पाहिजेत, एकट्या मुलीला गाडीवर सोडायला जाऊ नका, मन कितीही साफ असलं तरी. जमलं तर एआयएफएफचं, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचं, कोचिंगचं ई सर्टिफिकेट, मग डी लायसन्स करा. मी डी उशिरा केला आणि तिथं कळलं की पहिली दोन वर्षं बरंच चुकीचं शिकवत होतो. तेव्हा वरचं सगळं जरा बेतानं घ्या, मी एकाच शाळेची टीम बघितलीय.

गेल्या वर्षी दादा पहिल्यांदा मॅचला आला, गोलच्या मागं उभा. हाफटाइमला हळूच म्हणाला, "डावी बॅक उघडी पडतीय बघ." बरोबर होतं त्याचं. मी मुद्दाम बदल केला नाही. ३-१ नं हरलो, तिसरा गोल डावीकडूनच आला, आणि हे मी पोरींना अजून सांगितलेलं नाही.