विद्यार्थ्यांची उद्योजकता आणि गोड्या पाण्याच्या सरोवरांचे संवर्धन विद्यापीठाला एकत्र साधता येते का?

साधता येते, अमेरिकेतील मिलवॉकीचे विस्कॉन्सिन विद्यापीठ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मिशिगन सरोवराकाठच्या या विद्यापीठात गोड्या पाण्याच्या अभ्यासाला वाहिलेला स्वतंत्र विभाग आहे आणि विद्यार्थ्यांच्या नवउद्योगांसाठी लुबार उद्योजकता केंद्रही आहे. सरोवरापुढचा प्रश्न मात्र फसवा आहे: बाहेरून आलेले क्वागा शिंपले प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गाळून खातात, त्यामुळे पाणी नितळ दिसते, पण प्रकाश खोलवर पोहोचून तळाशी क्लॅडोफोरा शेवाळ माजते आणि माशांचे अन्न घटते. अशा पाण्यासाठी एखादे मापनयंत्र विकसित करणाऱ्या विद्यार्थ्याला भांडवलाइतकीच संशोधन-नौकेची व वर्षानुवर्षांच्या नोंदींची गरज असते, आणि माझ्या मते विद्यापीठाची खरी मदत तिथेच होते, कारण हे सारे नवख्या उद्योजकाला (कर्ज मिळाले तरी) स्वबळावर उभे करणे जवळजवळ अशक्य असते.